गाडी जाईल, माणूस राहील

इनेझ आंटीच्या घरातला फोन उचलला जायचा, पण आंटी लगेच बोलायची नाही. आधी पलीकडच्याला बोलू द्यायची. मरोळ गावठाणातल्या त्या एवढ्याशा ओटीवर बसून अख्खा महाराष्ट्र ऐकू यायचा, तो असा.

पुण्याचा माणूस खाकरून सुरुवात करायचा. "नमस्कार. फियाटची जाहिरात आपलीच ना? त्यात रंग दिलेला नाही. द्यायला हवा होता."

कोल्हापूरचा घाईत असायचा. "काय वो बाई, गाडी हाय न्हवं? मग इकू नका कुणाला. निघालोच बघा!" आणि पुढचा आठवडाभर तो निघालेलाच असायचा.

नागपूरचा दुरूनच दमलेला. "मी येऊन राह्यलो ना जी, पण गाडी बराबर आहे ना? नाहीतर इतक्या दुरून काहून येऊ मी?"

आणि सुरतचा शेठ भलताच गोड. "बेन, गाडी इतनी अच्छी है, तो सस्ती काय को?"

सगळ्यांना आंटीचं उत्तर ठरलेलं. "गाडी इथं येऊन बघायची. गावठाणात, क्रुसासमोर, दिवसाउजेडी. आणि दोघं या. एकटा माणूस चालणार नाय."

"दोघं कशाला?"

"गाडी जाईल, माणूस राहील."

यावर पुण्याच्या त्या गृहस्थांनी जरा विचार करून विचारलं होतं, "म्हणजे आपण माणूस तारण ठेवून घेता?"

"तारण कशाला रे बाबा! पाहुणा. चहा देते, तळलेले गोड फुगे देते. तू गाडी फिरवून आण, तुझा माणूस घेऊन जा."

आंटी काही गाड्यांची दलाल नव्हती. अंधेरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना बुचं लावण्यात तिची उमर गेली होती. गाडी तर तिला चालवताही येत नव्हती. पण ज्यांच्या दारात गाडी उभी आणि ती चालवणारा माणूस मात्र आता घरात नाही, अशा बायका तिच्याकडे यायच्या. कोणाचा नवरा मस्कतला, कोणाचा मुलगा जहाजावर, कोणाचा नवरा सहारच्या कब्रस्तानात. जाहिरातीत नंबर आंटीचा. परगावच्या माणसाशी बोलणं आंटीचं. आलेल्या माणसाला वरपासून खालपर्यंत बघणं तेही आंटीचंच. बदल्यात काय, तर ईस्टरला कोणीतरी केक पाठवायचं. नाही पाठवला तरी आंटी पुढच्या वर्षी त्यांची गाडी विकून द्यायला तयार.

ठेंगणी, गोल, फुलाफुलांचा फ्रॉक, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात दोन वस्तू: एक छोटा चांदीचा क्रूस आणि दुसरी, जी गाडी विकायला असेल तिची किल्ली. चर्चमध्ये प्रार्थनेला वाकली की दोन्ही एकमेकांवर आपटून किणकिणायच्या. फादर म्हणायचे, "इनेझ, देवाला कळत नाही तू काय मागतेस, क्रूस की गाडी." आंटी म्हणायची, "फादर, दोन्ही त्याच्याच ताब्यात."

ही सगळी शिस्त आली कुठून, तर तिच्या स्वतःच्या हेराल्ड गाडीवरून.

फोनसाठी तिच्या नवऱ्यानं अर्ज केला तेव्हा लग्न ताजं होतं. फोन लागला तेव्हा तो जाऊन महिना झाला होता. घरात नवा कोरा काळा फोन आणि दारात त्याची स्टँडर्ड हेराल्ड. तिनं गाडीची जाहिरात दिली. सफारी घातलेला एक माणूस आला, फार सभ्य, बूट ओट्याखाली काढून ठेवणारा. म्हणाला, "आंटी, चहा टाका, दोन मिनिटांत चक्कर मारून येतो." आंटीनं चहा टाकला. कपावर बशी झाकली. मग चहा गार झाला, म्हणून परत गरम केला, परत झाकला. संध्याकाळी चर्चमध्ये अँजेलसची घंटा झाली तेव्हा ती क्रुसाजवळ उभी होती, हातात तो कप. बूट राहिले, हेराल्ड गेली.

"बूट चांगले होते पण," तिचा धाकटा भाऊ इसिडोर अजून सांगतो. त्यालाच आले होते ना ते!

त्या दिवसापासून नियम झाले. किल्ली गळ्यात. गाडी क्रुसासमोरच्या मोकळ्या जागेत, जिथं चार म्हाताऱ्या कायम बसलेल्या. फेरी मारताना मागच्या सीटवर जॉनी. हा शेजारचा जॉनी, दंडावर नांगर गोंदलेला, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. ज्याची छाती ट्रम्पेटनं फुगलेली त्याच्याशी कोण पंगा घेणार! गिऱ्हाइकाच्या सोबतचा माणूस ओट्यावर. आणि शेवटचा नियम, जो गिऱ्हाइकाला कधीच सांगायचा नाही: टाकीत पेट्रोल फक्त नाक्यापर्यंत जाऊन परत येण्यापुरतं. कोणी पळवलीच गाडी, तर पळून पळून जाईल कुठं? साकीनाका!

हे पेट्रोल काढायचं खातं इसिडोरचं. टाकीत रबरी नळी घालायची, दुसऱ्या टोकानं ओढायचं, तोंडात आलं की थू करून नळी डब्यात. मग तो दिवसभर कुरकुरायचा, "बाय, तुझ्या कालवणाला पेट्रोलचा वास येतो." काढलेलं पेट्रोल वाया कशाला घालवायचं, म्हणून ते त्याच्याच लॅम्ब्रेटात जायचं. कुरकुर करत का होईना, हे काम त्यानं कधी दुसऱ्याला करू दिलं नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत लता आली. गावठाणाला लागून असलेल्या चाळीतली, मूळची देवगडकडची. तिचा नवरा चंद्रप्रकाश स्वतःची फियाट टुरिस्टला लावायचा. पावसाळ्यात काविळीनं गेला. गाडी चाळीच्या तोंडाशी उभी होती, कोंबड्या खाली अंडी घालत होत्या. ड्रायव्हरकडच्या दाराला कडीऐवजी सुतळी आणि पेट्रोलचा काटा कायमचा अर्ध्यावर.

"आंटी, काशीराम गिरणीवाले गावाला चाललेत," लता म्हणाली. "पिठाची चक्की मला द्यायला तयार आहेत. पण सोमवारपर्यंतच थांबतो म्हणाले. नायतर तो केस कापायचं दुकानवाला टपलेलाच आहे."

"चालवता येईल तुला चक्की?"

"नवरा असताना रोज दळण घेऊन जायचे. काशीरामांपेक्षा मलाच जास्त कळतं जात्याला टाकी कधी लावायची ते."

"मग गाडी गेली समज," आंटी म्हणाली. तिला म्हणायचं होतं विकली गेली. नंतर त्या शब्दाची तिला फार आठवण आली.

पुण्याला रंग आवडला नाही. कोल्हापूर निघालेलंच होतं. आला तो संगमनेरचा फोन. "रामराम बाई. दशरथ बोलतोय. दुधाचा धंदा हाय माझा. शनिवारी येतो. दोघं म्हणता? व्हय, दोघं येतो."

शनिवारी! आंटीनं कपाळावर हात मारला. रविवारी गावठाणात लग्न होतं, म्हणजे शनिवारी संध्याकाळी उंबराचं पाणी. नवरानवरीच्या आंघोळीसाठी बायका लुगडी नेसून, वाजतगाजत विहिरीवर जाणार, घागरी भरून आणणार. जॉनी बँडमध्ये. क्रुसासमोर मांडव. पण सोमवार काही पुढं सरकणार नव्हता. "ये बाबा," ती म्हणाली.

दुपार कलता कलता ते आले. दशरथ म्हणजे उंच, काळा, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, मान खाली. आणि त्याच्या मागं, हिरव्या लुगड्यात, हातात कापडी पिशवी धरलेली एक म्हातारी, जी चालताना घराघराच्या आत डोकावून बघत होती.

"ह्या शकुबाई," दशरथ म्हणाला. "सासूबाई माझ्या."

"समिंदर दावतो म्हणाला," शकुबाईंनी लगेच सांगून टाकलं. "गाडी घेतली का त्याच गाडीतनं समिंदर. म्हून आले. न्हाईतर मला काय करायची गाडी?"

दशरथनं गाडीला प्रदक्षिणा घातली. टायरवर टिचकी मारली, जशी गाईच्या पाठीवर मारतात. बॉनेट उघडून आत बघितलं, बंद केलं. मग विचारलं, "इथं चढाव कुठं हाय? आमच्या वाटंवर कसाऱ्याचा घाट लागतो. चढंल का न्हाई, ते बघाय पायजे."

"आरेकडे जा," इसिडोर ओट्यावरून ओरडला. त्याला जरा कमी ऐकू यायचं, म्हणून तो सगळंच ओरडून सांगायचा. "मरोशीवरून वर! मस्त चढ आहे!"

आंटीनं जॉनीकडे बघितलं. जॉनीनं गळ्यातली ट्रम्पेट दाखवली. बँडमास्तर शिट्टी मारत होता. बाकीचे बाप्ये मांडवाच्या बांबूवर लटकलेले. दशरथला संध्याकाळच्या एसटीनं परतायचं होतं. लता मुठी आवळून उभी होती.

आंटीनं दशरथच्या तोंडाकडे बघितलं. मग शकुबाईंकडे. माणूस तर राहतोय, म्हणाली मनात. आणि गळ्यातल्या दोऱ्यातून किल्ली सोडवून त्याच्या हातावर ठेवली.

"लवकर ये रे बाबा. चहा टाकते."

शब्द तोंडातून गेला आणि तिला त्या सफारीवाल्याचे बूट आठवले. पण गाडी तोवर वळणापलीकडे.

शकुबाई ओट्यावर बसल्या त्या जेमतेम घोटभर पाण्यापुरत्या. समोर मांडवाच्या सावलीत बायका लग्नाचे फुगे तळत होत्या. शकुबाई उठून तिथं गेल्या, कढईत डोकावल्या. "अगं बया, भज्यावानी हाय! पर फुगतंय किती!" कोणीतरी एक हातावर ठेवला. तो खाऊन त्यांनी पदर खोचला आणि पिठाच्या पातेल्यात हात घातला. "असं न्हवं गं लेकी, मूठ आवळायची अन् अंगठ्यानं सोडायचं. थांब, दावते." कधी आयुष्यात फुगा न बघितलेली बाई, पण गोळा असा सुटला की म्हाताऱ्या मारियाबायनं कौतुकानं 'च्च' केलं.

आंटीनं चहा केला. दशरथचा कप बाजूला काढला. त्यावर बशी झाकली.

नाक्याला जाऊन परत यायला लागतो तेवढा वेळ गेला. आरेचा चढ चढून यायला लागतो तोही गेला. आंटी वळणापर्यंत जाऊन आली. मग उगीच पाणी प्यायली. मग परत वळणापर्यंत गेली.

बँडचे ताशे तापवले जायला लागले तेव्हा इसिडोर खुर्ची ओढत जवळ आला. आपण हळू बोलतोय असं त्याला वाटत होतं.

"बाय, तू काय ठेवून घेतलंस ते समजलंय ना तुला?"

"काय?"

"बायको ठेवून गेला असता तर आला असता. आई ठेवून गेला असता तर धावत आला असता. हा सासू ठेवून गेलाय, बाय! सासू! गाडी पण गेली आणि सासू पण आता आपलीच!"

कढईभोवतीच्या बायका हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, शकुबाईंचा हात पातेल्यात थांबलाय.

"इसिडोर," आंटी म्हणाली, "तुझ्या तोंडाला पेट्रोलचा वास येतो. तिकडं बस."

तो का कोण जाणे, खरंच तिकडं जाऊन बसला. लॅम्ब्रेटाकडे पाठ करून.

शकुबाईंनी हात धुतले. "बाबा," त्या इसिडोरला म्हणाल्या, "जावई मला इसरंल एक वेळ. म्हातारं माणूस, इसरायचंच. पर लोकाची वस्तू हाती घेतली तर न्हाई इसरायचा. शेजाऱ्याचं फावडं आणलं तरी धुवून देतो त्यो." मग आंटीजवळ येऊन, ओट्याच्या कडेला टेकून, अगदी बारीक आवाजात: "उशीर लई झाला व्हय गं बाई?"

"नाय हो," आंटी म्हणाली. "ट्रॅफिक असतो इथं."

"एकलाच समिंदर बघाय गेला नसंल ना?"

"तुमच्याशिवाय कसा जाईल?"

लता मात्र गिरणीच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून खाली बसली होती. आंटी जवळ गेली तरी ती उठली नाही. तिची चाळीतली भाषा गेली आणि गावची आली. "गाडी गेली गे आंटी. घोव गेलो, आता गाडी पण गेली. सोमवारी मी काय सांगू काशीरामांका?"

"पोलिसात तरी कळवा," भिंतीवर चढलेल्या कोणीतरी सुचवलं.

"काय कळवू?" आंटी फिरली त्याच्यावर. "गाडी चोरीला गेली आणि सासू जमा आहे म्हणून? लिहून तरी घेतील का रे?"

लोक हसले. आंटी नाही हसली. तिला हेराल्ड दिसत होती, वळताना बाजूचा दिवा लावून गेलेली. तेव्हा वस्तू स्वतःची होती. रडून मोकळी झाली. ही लताची होती, आणि किल्ली आंटीनंच आपल्या हातानं दिली होती. नियम हिनेच केलेला, आणि नियमातलं भोकही हिलाच दिसलं नाही: माणूस राहील, हे बरोबर, पण तो माणूस परत न्यावासा वाटणारा हवा, हे कुठं ठरवलं होतं? त्यात वर ह्या म्हातारीला आपण ओलीस धरलंय, आणि तिला आता तेच खरं वाटायला लागलंय. गाडीपेक्षा आंटीला तेच जास्त टोचलं.

उद्याच्या लग्नासाठी तिनं आज सकाळीच पेटीतून मोत्यांच्या सरी काढून गळ्यात घातल्या होत्या. तिच्या आईच्या. हात आपोआप गळ्याकडे गेला. तिथं आता क्रूस एकटाच होता, त्याच्या वर त्या सरी.

"लता," ती म्हणाली, "चक्की तुझी. गाडी येवो नाय तर न येवो. कशी, ते माझ्यावर. आता तोंड धू आणि त्या म्हातारीजवळ जाऊन बस. ती एकटी आहे."

लतानं मोत्यांकडे बघितलं, आंटीकडे बघितलं, आणि उठली. थोड्या वेळानं त्या दोघी कढईजवळ दिसल्या. शकुबाई तिला विचारत होत्या, चक्कीला कसलं जातं असतं, दगडाचं का, आणि लता नाक पुसत पुसत सांगत होती.

ऊन उतरलं. बँड सुरू झाला. बायका घागरी घेऊन निघाल्या, पुढं ताशा, मग ट्रम्पेट, मग लुगड्यांची रांग, आणि त्यात, कोणी बोलावलं कधी ते कळलं नाही, पण हिरव्या लुगड्यातल्या शकुबाईही. आंटी एरवी सगळ्यांच्या पुढं नाचणारी. आज ती मागं राहिली, ओट्यावरचा तो झाकलेला कप हलवून भिंतीकडे सरकवला आणि मग गेली. विहीर झाली, पाणी काढलं, मिरवणूक वळली आणि मोठ्या रस्त्यावरून परत गावठाणात शिरायला लागली.

आणि जॉनीची ट्रम्पेट मधेच फिस्सकन बंद पडली.

"काय झालं रे?" बँडमास्तर भडकला.

जॉनीनं ट्रम्पेटनंच दाखवलं.

मरोशीकडच्या रस्त्यानं घासलेटची बैलगाडी येत होती. ती लोखंडी टाकीची, जिची टणटण ऐकून बायका डबे घेऊन धावतात. पण आज टाकीच्या मागं जाड दोर होता आणि दोराच्या मागं लताची फियाट. फियाटच्या स्टिअरिंगवर घासलेटवाला घामाघूम बसलेला, सुतळीचं दार एका हातानं धरून. आणि पुढं, बैलांच्या वेसणीला हात लावून, टोपी काखेत, दशरथ चालत होता आणि बैलांशी बोलत होता. "चल रं राजा, चल. आलं बघ गाव."

मिरवणूक आपोआप दुभंगली. बैलगाडी, मागं फियाट, दोन्ही बाजूंना घागरी घेतलेल्या बायका. बँडमास्तरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं हात वर केला आणि बँड परत सुरू झाला. अशी ती गाडी वाजतगाजत क्रुसासमोर आली.

दशरथनं कोणाकडे बघितलं नाही. सरळ लतासमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, माझ्या हातनं बिघडली गाडी," तो म्हणाला. "चढाव मस चढली, उतरली. पार सपाटीला आली अन् आचका देऊन गप झाली. म्या सगळं बघितलं. काय कळंना. पेट्रोल तर अर्धी टाकी दिसतंय. दाराला कडी न्हाई, सोडून कसा येऊ? लोकाची वस्तू. तुमचा नंबर सासूबाईंच्या पिशवीत. मग हे बाबा भेटले, त्यांचं घासलेट संपोस्तर थांबलो." त्यानं मान आणखी खाली घातली. "आता दुसऱ्या कुणाला इकायची बात सोडा. बिघडवली म्या, आता घेतो मीच. जशी हाय तशी. ठरल्या भावात."

लताच्या डोळ्यांत एकदम दिवा लागला. सोमवार, चक्की, सगळं त्या एका वाक्यात. 'हो' म्हटलं की झालं. तिनं तोंड उघडलं, मग आंटीकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

आंटी दशरथकडे बघत नव्हती. ती पेट्रोलचा वास घेत होती. मग सावकाश वळली.

"इसिडोर."

"काय बाय?" लगेच ऐकू आलं त्याला.

"सकाळी नळी किती वेळ तोंडात होती रे?"

"तशी... नेहमीसारखीच..."

"इसिडोर!"

"उद्या लग्न आहे, बाय," तो म्हणाला. "वरातीच्या मागं लॅम्ब्रेटा न्यायची होती. जरा... म्हटलं काटा काय, तो तर अर्ध्यावरच असतो." आणि कोणी विचारायच्या आत स्वतःच म्हणाला, "आरेला जा, हे पण मीच सांगितलं. देवा रे."

"मग आता सांग त्याला. तूच. मोठ्यांदा. तुला येतं ते."

इसिडोरनं सांगितलं, अख्ख्या गावठाणाला ऐकू गेलं. आपण सगळ्यांना असंच करतो, पेट्रोल काढून ठेवतो, पळवू नये म्हणून. दशरथ ऐकत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी लोकांना वाटलं रडतोय. तो हसत होता. "म्हंजी गाय आटलेली," तो म्हणाला, "अन् म्या बसलो तिचे दात मोजत!"

"हस बाबा, हस," आंटी म्हणाली. "पण असा सौदा नाय. असली गाडी तुला नाय देणार. बिघडली म्हणून घेतोस, हे आमच्याकडे चालत नाय. चालते म्हणून घे. लता, बरोबर ना?"

लतानं एकदा गिरणीच्या गल्लीकडे बघितलं. चक्की हाताशी येऊन परत ओट्याखाली उतरली होती. "बरोबर, आंटी," ती म्हणाली. आणि त्या पोरीला हे म्हणायला काय पडलं, ते आंटीला कळलं. तिनं तिचा हात घट्ट धरला.

लॅम्ब्रेटाची टाकी उघडली गेली. नळी इसिडोरच्याच तोंडात दिली गेली, सगळ्या मिरवणुकीसमोर, आणि पहिला घोट तोंडात आला तेव्हा बँडनं ताशा वाजवला. फियाटनं दोनदा खोकून तिसऱ्यांदा आवाज धरला.

एसटी गेलीच होती. पाहुण्यांना गावठाणानं ठेवून घेतलं, आता खरे पाहुणे म्हणून. आणि रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, लग्नाला अजून अवकाश होता तेव्हा, आंटीनं जाहीर केलं, "आता खरी फेरी. जुहूपर्यंत."

दशरथ स्टिअरिंगवर, पुढं शकुबाई, मागं लता आणि आंटी, आणि दोघींच्या मधे चेंगरून जॉनी, नियम म्हणजे नियम. सगळे गाडीत, म्हणजे ओट्यावर ठेवायला माणूसच उरला नाही. इसिडोर म्हणाला, "मग मी राहू का?" तोवर दशरथनं गाडी सुरू केली होती.

जुहूला वाळू लागल्यावर शकुबाई उतरल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई पाणी हाय. पर पिता येत न्हाई म्हंजी काय उपेग?" आणि लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून आत गेल्या. दशरथ मागं उभा राहिला, त्यांच्या चपला हातात घेऊन.

परत येताना गाडी आहे तशी, सुतळीसकट, ठरल्या भावात दशरथची झाली. कसारा चढेल की नाही, हे त्यानं परत विचारलं नाही. सोमवारी सकाळी काशीरामांच्या गिरणीचं शटर लतानं वर ओढलं. पहिलं दळण आंटीचं, लग्नातून उरलेले तांदूळ.

त्याच दुपारी ओटीवर ट्रंक कॉलची लांबलचक घंटी वाजली. आंटीनं उचलला, गप्प राहिली. सुरतचा शेठ होता. वांद्र्याच्या एका बाईची अँबेसेडर होती विकायला.

"बेन, दो आदमी का क्या काम? मैं अकेला आता हूँ ना."

आंटीनं गळ्यातली नवी किल्ली चाचपली. क्रुसावर आपटून ती किणकिणली.

"अकेला?" ती म्हणाली. "क्यूं रे बाबा? घर में सास नहीं है क्या?"